राखाडीचा जबाब

६ एप्रिल, तोकोरोझावा

दादा,

लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग काय ते फाड. आठ वर्षांत मी तुला नवीन वर्षाचं साधं कार्डसुद्धा पाठवलं नाही आणि आता एकदम जाडजूड पाकीट, म्हणजे कुणीतरी गेलं असंच तुला वाटलं असेल. कुणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे.

बातमी अशी की आपली 'पाच ज्वाला' परत येतेय. मालिका नाही, चित्रपट. ते पाच वीर इतक्या वर्षांनी पुन्हा भेटतात आणि सहावा राखाडी लांबून त्यांच्याकडे बघत उभा असतो, अशी सुरुवात आहे. म्हणजे तो अजून लांबच आहे! पन्नास भाग झाले तरी त्या मेल्याला त्यांच्या टेबलावर बसून जेवायला जमलं नाही. पोशाखात मीच असणार. तुला आठवत असेल, तो पोशाख इतका अरुंद शिवला होता की आपल्या स्टंट-क्लबातला एकही बाप्या त्यात मावेना, आणि तू क्लबप्रमुख मुरोईसाहेबांना म्हणालास, "आमची शिनो घुसेल, ती कुठेही घुसते." तशी मी या धंद्यात घुसले. चव्वेचाळीस वर्षांची बाई आत आहे हे पोरांना कळलं तर बिचारी रडतील.

आणखी एक. मुरोईसाहेब म्हणालेत की शूटिंगच्या दुसऱ्या तुकडीच्या हाणामाऱ्या यंदा मी बसवायच्या. पडद्यावर नाव येईल, हाणामारी दिग्दर्शक म्हणून. आपल्या क्लबात आजवर एकाही बाईला हे मिळालेलं नाही. तू इथे असतास तर मला खांद्यावर घेऊन नाचला असतास, असं उगाच वाटून गेलं.

परवा आईचा फोन आला होता. तुमच्याकडे मात्सुयामाला मुलांना उड्या-कोलांट्या शिकवायचा वर्ग निघतोय, तुला घेणार होते, पाय ओढत चालतोस तरी चालेल म्हणाले होते, आणि मग आपल्या कलाकार संघाकडून तुझा कागद मागवला आणि नाही म्हणाले. कागदावर 'खूण होण्याआधी उडी मारली' असा शेरा आहे. असल्या माणसाच्या हाती मुलं कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. आईला खूण म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मी समजावलं, की मुखवट्यात काही ऐकू येत नाही, तोंडाच्या फटीतून बोटभर दिसतं तेवढंच, म्हणून उंचावरून उडी असली की मागचा जोडीदार खाली गादी आहे का ते बघतो आणि डोक्यावर दोन टपल्या मारतो. मग उडी. आई म्हणाली, "त्या दिवशी मागे तूच होतीस ना गं? मग तूच सांग की त्यांना काय झालं ते." मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

हे बघ दादा, झालं ते झालं. तू घाई केलीस, कुणाच्याही हातून होतं. जुनं प्रकरण मिटवून टाका, असा शब्द मी मुरोईसाहेबांकडे टाकू का? ते माझं ऐकतात हल्ली. तसं कळव.

शिनो


१९ मे, तोकोरोझावा

दादा,

उत्तर नाही. आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पत्र पोचलं, तू उभ्या उभ्या वाचलंस आणि मिकान संत्र्यांच्या बागेत निघून गेलास, तो जेवायच्या वेळेपर्यंत आलाच नाहीस. रागावलास तर रागाव, पण निदान शिव्या तरी लिहून पाठव.

संहिता हातात पडलीय. दादा, या लेखकाला माझ्या पोटातलं कुणी सांगितलं, देव जाणे. गोष्ट अशी आहे की इतकी वर्षं सगळ्या जगाला वाटतंय, तांबडा वीर लढाई सोडून पळाला आणि त्यामुळे पूल कोसळला. तांबडा तोंडातून चकार शब्द काढत नाही, कुठल्याशा गावात मासे विकतो. आणि तेहतिसाव्या पानावर राखाडी त्याच्यासमोर येऊन म्हणतो, "पूल मी तोडला. तू नाही पळालास. मी खोटं सांगितलं."

काल त्याची तालीम होती. दुपारी दोन वाजता सगळ्यांना 'सुप्रभात' करत आत शिरले, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. तुझ्या तांबड्याच्या पोशाखात आता कुसाकाबे असतो. उंच आहे, उडी बरी मारतो, स्वतःवर खूश असतो. तुला ते माहीतच आहे, आपण पोशाखातली माणसं बोलत नाही. आवाज नंतर दुसराच कुणी भरतो, आपण फक्त वाक्यागणिक मान हलवायची, म्हणजे कोण बोलतंय ते पोरांना कळतं. तीन वाक्यं, तीनदा मान. इतकी वर्षं हेच करतेय मी. आणि काल मान हलेना. मुरोईसाहेब ओरडले, "शिनो, राखाडीची मान आखडली का? तेल आणू?" सगळे हसले. मीही मुखवट्यात हसले. सातव्या खेपेला कशीबशी हलली, तर कुसाकाबे म्हणतो, "ताई, माफी मागताय की डास हाकलताय?"

दादा, तुला एक सांगते. टपल्या मी मारल्या होत्या त्या दिवशी. निदान मला तसं वाटतं. आठ वर्षं झाली, उन्हाने डोकं भणभणत होतं, कोण खात्रीने सांगणार? कदाचित मारल्या असतील आणि कदाचित तूही थोडा आधी निघाला असशील. दोन्ही असू शकतं.

आणि तू तरी कधी विचारलंस? तीन दिवसांनी मी तुझ्या खोलीत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. "कसं वाटतंय?" म्हटलं तर म्हणालास, "जा, तुझं शूटिंग असेल." बस्स. आठ वर्षांसाठी तेवढं एक वाक्य. माझी चूक असेल तर तोंडावर बोलायचं होतंस ना? तू चिडून काही फेकलं असतंस तरी मला चाललं असतं.

शिनो


११ जून, तोकोरोझावा

दादा,

मागच्या पत्रात 'मला वाटतं' असं लिहिलं, ते खोटं आहे. मला वाटत नाही, मला माहीत आहे. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही, म्हणून एका बैठकीत लिहितेय.

तेरा ऑगस्ट, तळ्याकाठची ती बाग. आपण दोघं बोटघराच्या छपरावर, तू पुढे, मी मागे. दोरीपलीकडे सुट्टीला आलेली पोरं गोळा झाली होती. माझ्या मुखवट्यात घामाची इतकी वाफ धरली होती की फटीतून नुसतं पांढरं दिसत होतं. नियम तूच मला शिकवला होतास: दिसत नसेल तर मुखवटा वर कर, स्वतःच्या डोळ्यांनी गादी बघ, मगच टपली. त्याला अपवाद नाही. पण दुसराही नियम तूच शिकवलास ना, की पोरांसमोर तोंड दाखवायचं नाही, जीव गेला तरी नाही. तेव्हा मी माझ्या मनाशी हेच म्हणत होते, की खाली पोरं आहेत म्हणून मुखवटा काढता येत नाही. मागे वळून पाठ करून काढता आला असता. दोन सेकंदांचं काम.

खरं कारण सांगितलं तर तू हसशील. खालून एक मुलगी ओरडत होती, "राखाडी! राखाडी!" कागदाचा राखाडी मुखवटा घरी करून आणला होता तिने. दादा, आजवर सगळी पोरं तांबड्यालाच हाका मारायची. हात मिळवायच्या कार्यक्रमात तुझ्यापुढे गेटपर्यंत रांग, आणि माझ्यासमोर कुणाचे तरी बाबा, चुकून आलेले. मी तेव्हा काही मनाला लावून घेत नव्हते असं सगळ्यांना सांगायचे. मनाला लागायचं. तर त्या दिवशी ती एकटी माझ्यासाठी ओरडत होती, आणि मी तिच्याकडे हात उंच करून उभी राहिले, राखाडी उभा राहतो तसा. पाठ फिरवावीशी वाटली नाही. गादी मघाशी तिथे होती, आत्ताही असणारच, असं धरून चालले आणि डाव्या हाताने तुझ्या डोक्यावर दोन टपल्या दिल्या. एक, दोन. तू नेहमीसारखा लगेच गेलास. माझ्या टपलीनंतर तू कधी खाली बघितलं नाहीस.

दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी गादी चार हात डावीकडे सरकवली होती. पोरांना वाटलं, हे असंच असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा तारखेला दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. तू आत होतास, मी अजून तुला भेटले नव्हते. हिंमत होत नव्हती. त्याने विचारलं, "तुम्ही खूण दिली होती?" मी नुसती मान हलवली. 'नाही' अशी. तोंड उघडायच्या आतच मान हलून गेली, सवयच ती. मग त्याने लिहिलं आणि मी खाली सहीचा शिक्का मारला. तेव्हाच 'थांबा' म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही, कारण मला क्लबातून काढतील याची भीती वाटली. त्यांना मी नकोच होते, तुझी बहीण म्हणून ठेवून घेतलं होतं, आणि तूच जायबंदी झालास तर मला कोण विचारणार? लाज वाटते लिहायला, पण त्या बाकावर मी तुझ्या पायाचा नाही, माझ्या नोकरीचा विचार करत होते.

तुझा पाय गेला तो माझ्यामुळे. तुझं नाव गेलं तेही माझ्यामुळे. आता संघाच्या कार्यालयात जाते आणि सांगते. तुला परवानगी विचारत नाही, फक्त कळवतेय.

शिनो


२ जुलै, तोकोरोझावा

दादा,

तुला काय म्हणू मी? गाढवा म्हणू?

आधी मुरोईसाहेबांना सांगितलं. स्टुडिओच्या उपाहारगृहात, त्यांच्या समोर वाटीभर नूडल्स होत्या. ऐकून त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आत्ता? शूटिंगला सहा आठवडे असताना?" म्हटलं, आत्ताच. "दिग्दर्शन हातचं जाईल, कळतंय ना तुला? राखाडीही जाईल." म्हटलं, कळतंय. वाटी बाजूला सारून ते म्हणाले, "तात्सुओसारखा उडी मारणारा मी दुसरा पाहिला नाही. आणि तो घाई करेल असं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण कागदावर होतं." मग स्वतःच मला गाडीत घालून संघाच्या कार्यालयात घेऊन गेले.

तिथल्या बाईंनी फाईल काढली. मी माझं सगळं सांगितलं, त्यांनी टिपून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "याने काही फरक पडत नाही हो." मला वाटलं, मुदत संपली असेल. तर त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. "तुमचा जबाब नुसता दुजोरा होता. मूळ जबाब त्यांचा स्वतःचाच आहे."

चौदा ऑगस्ट. माझ्या आदल्या दिवशीचा. तुझं वाकडंतिकडं अक्षर, पडल्या पडल्या लिहिलेलं. 'खूण होण्याआधी मी घाईने उडी मारली. जोडीदाराची काही चूक नाही.' खाली तुझा शिक्का, तिरका.

शस्त्रक्रियेच्या आधी, कंबर मोडलेली असताना, तू कागद मागून घेतलास आणि हे लिहिलंस! कशाला? मला काढू नयेत म्हणून, दुसरं कशाला! आणि दुसऱ्या दिवशी, तुझ्या खोलीपासून वीस पावलांवर, मी तेच खोटं बोलले. तू माझ्यासाठी बोललास आणि मीही माझ्याचसाठी बोलले. मग तुला कुणीतरी येऊन सांगितलं असणार, की काळजी नको, तुमच्या बहिणीनेही तसंच सांगितलंय. आणि सोळा तारखेला मी तोंड वर करून आत आले आणि विचारलं, कसं वाटतंय. भिंतीकडे तोंड करून तू का पडला होतास ते मला आज कळतंय. आठ वर्षं मला वाटत होतं, तू माझ्या टपल्यांवर रागावलास. टपल्यांचं तू केव्हाच माफ केलं होतंस.

मला तुझा रागही आलाय, सांगून ठेवते. हे असलं न विचारता देऊन टाकायचं आणि मग घेणाऱ्याने कसं घेतलं ते बघून रुसून बसायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. मी आत येऊन तुझ्या गळ्यात पडून खरं सांगेन, याची वाट बघत होतास ना? आठ वर्षं? एकदा हाक मारली असतीस तर! पण हे मी बोलायचं नाही, मला तोंड नाही. तरी बोलले.

आता कामाचं. त्या बाई म्हणतात, तुझा जबाब तुझ्याशिवाय कुणी बदलू शकत नाही. मी शंभर वेळा लिहून दिलं तरी 'बहीण भावाला वाचवायला बोलतेय' असंच धरतील. सोबत फॉर्म आहे. खरं काय झालं ते तू लिहायचंस, तुझ्या हाताने, आणि शिक्का मारायचास. माझं नाव घालून. 'काहीतरी गैरसमज झाला असावा' असलं गुळमुळीत लिहिलंस तर ते परत पाठवतील.

आईला दाखवू नकोस, ती म्हणेल बहिणीचं नाव घालवू नको. ऐकू नकोस तिचं. माझ्यासाठी आणखी एकदा खोटं लिहू नकोस, दादा, पाया पडते. मात्सुयामाचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतोय. वीस पोरं असतील, त्यांना गादी न बघता उडी मारायची नाही हे शिकवायला तुझ्याहून बरा माणूस त्यांना कुठे मिळणार आहे?

शिनो


३० जुलै, तोकोरोझावा

दादा,

पाकीट आलं. तुझं अक्षर बघून आधी पाकीट झटकलं, पालथं केलं, आत चिठ्ठी असेल म्हणून. चिठ्ठी नव्हती, नुसता फॉर्म. बरं, तेवढंच मागितलं होतं मी.

'जोडीदार शिनो ह्योदो हिने गादी न बघता दोन टपल्या मारल्या. त्यानंतर मी उडी मारली. गादी जागेवर नव्हती. आधीचा जबाब मी खोटा दिला होता.' चार वाक्यं. मला वाटलं होतं, वाचून हलकं वाटेल. दादा, काही हलकं वाटलं नाही. मीच मागितलेलं, मीच सांगितलेलं, तरी तुझ्या हातचं माझं नाव त्या वाक्यात पुन्हा पुन्हा वाचत राहिले. अर्धा तास फॉर्म हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. तो न देता ठेवूनही दिला असता मी, हेही तुला सांगून टाकते. मग छत्री घेतली आणि निघाले.

कार्यालयात दिला, मुरोईसाहेब आणि कुसाकाबे तिथे आधीच येऊन थांबले होते. त्यांनी तारीख मारली. तुझ्या नावापुढचा शेरा काढलाय, माझ्यासमोर काढला, दुरुस्त कागद टपालाने मात्सुयामाला गेलाय. त्या वर्गाच्या मुख्य बाईंशी फोनवर बोलणंही झालं, त्या म्हणाल्या, ह्योदोसरांची जागा अजून कुणाला दिलेली नाही. माझं म्हणशील तर दोन वर्षं कुठल्याही उंचीवर काम करायची बंदी. चित्रपट गेला, दिग्दर्शन गेलं. राखाडीचं काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत. मुरोईसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कुसाकाबेने माझी ओली छत्री झटकून हातात दिली. मी रडले नाही. शहाण्यासारखी नमस्कार करून बाहेर पडणार होते.

तेवढ्यात त्या बाईंनी हाक मारली. "एक रकाना बघायचा राहिला," म्हणाल्या. 'जोडीदाराशी नातं' असा रकाना आहे तिथे. आठ वर्षांपूर्वीच्या कागदावर तू तिथे 'सहकलाकार' असं लिहिलं होतंस. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि नव्यावर बोट ठेवलं. "हे काय, सख्खी धाकटी बहीण? इथे नुसतं 'बहीण' पुरतं. 'सख्खी' लिहायची काही गरज नसते." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "खोडू का?"

नको म्हटलं, राहू दे. आणि मग त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून मी जी रडले, ती त्यांनी दोनदा पाणी आणलं तरी थांबेना.

तुझी सख्खी धाकटी बहीण,
शिनो